सावकाशराव आणि ती सात मिनिटं

सावकाशरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला माहीत असणार, आणि बहुधा विजेच्या बिलावरही असणार. बाकी सगळी गल्ली त्यांना सावकाशराव म्हणायची आणि ते त्या हाकेला बिनतक्रार ओ द्यायचे. चाळीस वर्षं या माणसानं एकच काम केलं, इंजिनं उघडायची आणि पुन्हा बांधायची. गिऱ्हाईक दारात आलं की पहिला शब्द 'सावकाश', गाडी घेऊन निघालं की शेवटचा शब्द 'सावकाश'. मधलं सगळं बोलणं गिऱ्हाइकालाच करावं लागे. डावा कान कधीच गेला होता आणि उजवा स्वतःच्या सोयीनं चालायचा, त्यामुळे 'उद्या मिळेल का?' हा प्रश्न त्यांना आयुष्यात कधी ऐकूच आला नाही.

त्यांचा मेहुणा मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा. बायकोचा धाकटा भाऊ, चौतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करण्यात बिचाऱ्याची जवानी गेली. खुर्ची सरकली तरी याच्या कपाळाला आठी. सावकाशराव त्याला 'शूऽऽसाहेब' म्हणायचे आणि तो ते हसून घ्यायचा, कारण भाऊजींवर त्याचा जीव होता. आता गंमत बघा, हाच माणूस निवृत्त झाला आणि त्याला आवाजाचं वेड लागलं! वडिलांची जुनी गाडी त्यानं जपली होती. दरवर्षी जुन्या गाड्यांची एक चढाई व्हायची, डोंगराच्या पायथ्यापासून वरच्या मनोऱ्यापर्यंत. गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर एका दातांच्या डॉक्टरनं याला मागे टाकलं, आणि टाकलं ते टाकलं, वर खिडकीतून हात हलवला.

"हात हलवला हो भाऊजी! अगदी लहान मुलाला हलवतात तसा!"

तो हात मेहुण्याच्या डोक्यातून वर्षभर जाईना. शेवटी त्यानं कुठल्याशा कॅटलॉगातून जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट मागवला आणि तान्ह्या मुलाला आणावं तसं ते खोकं दोन्ही हातांवर घेऊन वर्कशॉपमध्ये हजर झाला.

सावकाशरावांनी शाफ्ट बाहेर काढला, उजेडात धरून फिरवला. त्याच्यावरचे आठ उंचवटे, ज्यांना कामातली माणसं लोब म्हणतात, जुन्यापेक्षा चांगलेच उंच होते. हे लोब व्हॉल्व्ह उघडतात. लोब उंच, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणार, इंजिन जास्त श्वास घेणार आणि जास्त वेगानं फिरणार.

"हा घातला की डॉक्टर मागे?" मेहुण्यानं विचारलं.

"हा घातला की बेअरिंग पुढे," सावकाशराव म्हणाले. "डॉक्टरचं नंतर बघू."

मेहुण्याच्या डोक्यावरून गेलं. मग सावकाशरावांनी वर्षभराचा शब्दांचा साठा एका दमात खर्च केला. कॅमशाफ्ट बदलून गाडी पळवायची घाई सगळ्यांनाच असते, ते म्हणाले, आणि महिन्याभरात तीच गाडी दोरीला बांधून परत येते. कॅम दिसायला ठीक असतो, मरतं ते बेअरिंग. नवा लोब पहिल्या अर्ध्या तासात नीट भिजला नाही तर घासतो. घासला की लोखंडाचा किस तेलात, आणि तेल जातं ते थेट खालच्या मुख्य शाफ्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, बेअरिंगमध्ये. "तू कितीही चांगलं जेवण कर, त्यात वाळू असली तर दात जाणारच ना?" दातांचं उदाहरण मेहुण्याला लगेच पटलं, डॉक्टर डोक्यात होताच.

मग सुरू झालं सावकाशरावांचं बांधकाम, आणि ते बघायला ग्रंथपाल रोज डबा घेऊन येऊ लागला. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, भिंतीवर पान्यांच्या रांगा. मध्ये उभं केलेलं इंजिन धुतलेल्या चादरीखाली झाकलेलं, कारण उघड्या इंजिनात धूळ गेलेली त्यांना खपत नसे. धागे सुटणारी चिंधी तर उंबऱ्याच्या आत यायची नाही. तेलाचं एकेक भोक तारेच्या ब्रशनं साफ करून त्यातून हवा मारली. फट मोजायला बेअरिंगमध्ये केसाएवढी मऊ प्लॅस्टिकची तार ठेवून झाकण आवळलं, उघडलं, चपटी किती झाली ते भिंगातून मोजलं, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. शेवटी प्रत्येक लोबवर बोटानं काळी, चिकट पेस्ट लावली, मोठ्यानं मोजत. एक. दोन. तीन. आठपर्यंत. इंजिन सुरू करण्याआधी ड्रिल मशीन लावून तेलाचा पंप फिरवला, वरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघितलं.

"भाऊजी, एवढ्या वेळात एक कादंबरी लिहून झाली असती," मेहुणा म्हणाला.

"लिहिली असतीस तर कुणी वाचली असती?"

इतकं झाल्यावर पहिली सुरुवात. एका गुरुवारी सकाळी इंजिन गाडीत बसवून झालं आणि सावकाशरावांनी मेहुण्याला चालकाच्या जागेवर बसवलं. "आता नीट ऐक. सुरू झाल्यावर पंचवीस मिनिटं फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या खाली यायचा नाही. लोबला तेल वरून मिळत नाही. खालचा शाफ्ट जोरात फिरला की शिंतोडे उडतात, त्यावरच त्याची तहान भागते. इंजिन संथ पडलं की शिंतोडे बंद. काही बिघडलं असं वाटलं तर सरळ चावी फिरवून बंद कर, चालेल. पण संथ चालवू नकोस. कळलं?"

"कळलं," मेहुणा म्हणाला. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

इंजिन एका झटक्यात पेटलं. पत्र्याच्या शेडमध्ये असा आवाज उठला की ग्रंथपालाच्या अंगावर सुखाचा काटा आला. उभ्या गाडीला वारा लागत नाही म्हणून रेडिएटरसमोर टेबलफॅन ठेवला होता आणि सावकाशराव वरून पाण्याचा शिपका मारत होते. अकराव्या मिनिटाला बादली संपली. नळ मागच्या अंगणात, भिंतीपलीकडे, आणि त्याची धार म्हणजे सर्दी झालेल्या माणसाचं नाक. बोटांनी 'दोन हजारांच्या वर' अशी खूण करून सावकाशराव बादली घेऊन गेले.

तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी उघडली.

खिडकीत एक नर्स उभी होती. रात्रपाळी करून आलेली, केस विस्कटलेले, डोळे लाल. ती ओरडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं.

झालं! चौतीस वर्षं दुसऱ्यांना जे दाखवलं तेच बोट आज आपल्याकडे रोखलेलं बघून ग्रंथपाल शरमेनं अर्धा झाला. पेडलवरचा पाय आपोआप वर आला. इंजिन गुरगुरत संथ झालं. त्यानं हात जोडून माफी मागितली, तीही थकल्या चेहऱ्यानं हसली आणि खिडकीतच उभी राहिली; बहुधा आवाज पुन्हा येतो का ते बघत असावी. आता तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पाय कसा दाबायचा? आणि बंद केलं तर भाऊजी काय म्हणतील? गाडी चालूच आहे, जरा हळू चालली म्हणून काय आकाश कोसळणार आहे? असा हिशोब करत तो बसून राहिला. नर्स आत गेली, खिडकी लागली, तेव्हा त्यानं डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं झाली होती. त्यानं हळूच पाय दाबला.

सावकाशराव बादली घेऊन आले तेव्हा काटा बावीसशेवर होता. दोन कान मिळून त्यांना धड ऐकू येत नव्हतं, त्यात मध्ये भिंत आणि बादलीत पडणारं पाणी. त्यांनी इंजिनाच्या वरच्या झाकणावर, टॅपेट कव्हरवर, तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "छान चाललंय."

मेहुण्यानं नजर काट्यावरून हलवली नाही.

आता त्यांच्या कामातली एक रीत सांगायला हवी. पहिली पंचवीस मिनिटं झाली की ते सगळं तेल काढून टाकायचे, फिल्टर उतरवायचे आणि मालकाच्या समोर कापायचे. आतला घडीचा कागद बाहेर काढून, पिळून, पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर पसरायचे आणि उन्हात नेऊन बघायचे. शितावरून भाताची परीक्षा. कागदावर चमक नसली तरच गाडी दाराबाहेर. चाळीस वर्षांत एकदाही त्यांनी न कापता गाडी दिली नव्हती. ताई, म्हणजे मेहुण्याची बहीण, सावकाशरावांची बायको, म्हणायची, "आमच्या घरात एक अभ्रा धड नाही."

दुपारी उन्हात अभ्रा पसरला. कागदाच्या घड्यांमध्ये बारीक, रुपेरी चकाकी होती. सावकाशरावांनी लोहचुंबक फिरवला, त्याला लोखंडाच्या किसाची मिशी फुटली.

आता फुटणार, मेहुण्याला वाटलं. पण ते ओरडलेच नाहीत. खाली बसले आणि उजव्या हाताचं पहिलं बोट बघत राहिले.

"आठवा," ते म्हणाले. "आठवा लोब राहिला असणार. मी मोजलं आठ, पण पेस्ट सातांनाच लावली असणार."

"नाही हो भाऊजी, मी बघत होतो ना, आठही..."

"तू काय बघणार! तुला लोब कुठला नि लवंग कुठली!" त्यांनी अभ्रा गुंडाळला. "गेल्या महिन्यात चष्मा शोधत होतो, तो कपाळावर होता. परवा एक बोल्ट सैल सोडला. आणि आज हे. हात गेला रे माझा. तुझं इंजिन मीच बिघडवलं, मीच नीट करून देईन. ते शेवटचं. नंतर कुलूप."

इथे मेहुण्यानं बोलायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाही? अहो, आपण सगळे शूर असतो ते दुसऱ्याच्या गोष्टीत! भाऊजी चिडतील, पुन्हा दारात उभं करणार नाहीत, ही एक भीती. दुसरी गोष्ट म्हणजे तो ताईला भेटायला घरी गेला तर ती आनंदानं फुलून आली होती.

"अरे, ते बंद करणार म्हणाले! स्वतःच्या तोंडानं! दहा वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय." तिनं भावाच्या हातात चहाचा कप दिला. "आता बघ, सकाळी दोघं फिरायला जाऊ. ग्रीस न लागलेला नवरा कसा दिसतो ते तरी बघेन."

आता या बाईच्या सुखात माती कशी कालवायची? मेहुण्यानं चहा घेतला, अळीमिळी गुपचिळी केली आणि घरी गेला. त्या रविवारी यंदाची चढाई होती, पण गाडीच बंद, तो गेला नाही. डॉक्टर आला असेल, गेला असेल, कुणाकुणाला हात हलवला असेल. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं. डोळे मिटले की अभ्र्यावरचा तो कागद चमके.

सोमवारी गेला तर ताईचा चेहरा उतरलेला.

"काय गं, फिरायला गेला होतात का?"

"गेलो होतो. कोपऱ्यापर्यंत. तिथून परत आलो, दाराला कुलूप लावलं का ते बघायला. पुन्हा निघालो, पुन्हा परत. मी म्हटलं, अहो, तुम्ही लावलंत, मी बघितलं. तर म्हणाले, तू परत बघ, माझा भरवसा नाही." ती पुसलेलाच ओटा पुसत राहिली. "सकाळी शर्टाची बटणं लावून मला विचारलं, बरोबर लागलीत ना?"

बाहेरच्या खोलीत सावकाशराव खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर, पालथे. चाळीस वर्षांत ते हात रिकामे बघितल्याचं मेहुण्याला आठवेना. जेवतानाही ते दुसऱ्या हातात एखादा नट फिरवत असायचे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा फडफडला आणि गेला. ताईनं आतूनच हाक मारली, "अहो, बल्ब बदला हो जरा. नवीन कपाटात आहे."

सावकाशराव उठले नाहीत. "कुणाला तरी बोलाव," ते म्हणाले. "वायरमनला सांग."

"बल्बला वायरमन?"

"मी लावला आणि नीट बसला नाही तर? तुझ्या डोक्यात पडला तर?"

ताई दारात येऊन उभी राहिली. आणि ग्रंथपालाच्या मनातली भीती, लाज, ताईचं सुख, सगळं बाजूला पडलं.

"भाऊजी, आठवा लोब राहिला नव्हता."

त्यांनी उजवा कान पुढे केला.

"आठवा लोब राहिला नव्हता!" तो ओरडला. वाचनालयाच्या चौतीस वर्षांत कुणी ऐकला नसेल असा आवाज निघाला त्याच्या तोंडून. "मी पाय उचलला! तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा! समोरच्या नर्सनं गप्प म्हणून खूण केली आणि मी पाय उचलला! इंजिन संथ चाललं!"

मग सावकाशरावांनी अगदी हळू विचारलं, "किती वेळ?"

"सात मिनिटं."

"अंदाजे?"

"घड्याळ बघून."

"सात मिनिटं," ते स्वतःशीच म्हणाले. "नवे लोब, कडक स्प्रिंगा, आणि सात मिनिटं कोरडं. मग होणारच की किस. हो, होणारच!" त्यांनी हात उलटे करून तळवे बघितले आणि डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. "म्हणजे मी आठही लावले होते."

"लावले होते. मी मोजले होते तुमच्याबरोबर."

आणि मग, देवा रे देवा, सावकाशराव चिडले! काय चिडले म्हणता! खुर्ची मागे पडली. "गधड्या! चावी फिरव म्हटलं होतं ना? बंद कर, पण संथ नको, म्हटलं होतं ना? चार दिवस! चार दिवस मी स्वतःला मोडीत काढून बसलोय, आणि तू इथे येऊन चहा पितोस? ताकाला जाऊन भांडं लपवतोस? पुस्तकं मोजता मोजता माणसं मोजायचं विसरलास का रे?" शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मेहुणा मान खाली घालून ऐकत होता. प्रत्येक शिवी अंगावर पडत होती आणि त्याला हलकं हलकं वाटत होतं.

ताई पदर डोळ्यांना लावून हसत होती की रडत होती, तिचं तिला ठाऊक. "चार दिवस घरात बसलेला नवरा मिळाला होता मला," ती म्हणाली. "नको रे बाबा. घेऊन जा यांना."

सावकाशरावांनी ओरडता ओरडताच स्टूल ओढलं, वर चढले आणि बल्ब बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघं वर्कशॉपमध्ये. इंजिन पुन्हा उतरवलं, खालचं चेंबर काढलं, बेअरिंगची अर्धगोल पत्री एकेक करून बाहेर आली. सावकाशरावांनी एक मेहुण्याच्या तळहातावर ठेवली. तिच्या मऊ, राखाडी अंगात लोखंडाचे बारीक कण रुतून बसले होते.

"वरून मऊच ठेवतात ती. कण आपल्या अंगात ओढून घेते, शाफ्टला ओरखडा येऊ देत नाही. चार दिवस अजून पळवली असतीस तर तिचंही काही चाललं नसतं." त्यांनी शाफ्टवर नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. "वाचला."

नवी बेअरिंग आली, नवा कॅम यायला महिना लागला. तेलाचं प्रत्येक भोक पुन्हा साफ झालं, चादर पुन्हा धुतली गेली, प्लॅस्टिकची तार पुन्हा चपटी झाली. पेस्ट लावताना सावकाशराव मोठ्यानं मोजत होते आणि मेहुणाही मोजत होता. मधल्या काळात त्यानं आणखी एक काम केलं, नर्सच्या घरी जाऊन तिच्या पाळ्या विचारून आला. इतकी वर्षं समोरासमोर राहून सावकाशरावांना हे कधी सुचलं नव्हतं, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. ती दिवसपाळीला जाईल तो बुधवार ठरला.

बुधवारी ड्रिल लावून तेल फिरवून झालं. पाण्याच्या बादल्या या वेळी तीन भरलेल्या, रांगेत. पंखा सुरू. सावकाशरावांनी चावी काढली आणि मेहुण्यासमोर धरली.

"बस."

मेहुणा मागे सरला. "मी? नको, भाऊजी. ताईला बसवा, कुणालाही बसवा. पुन्हा माझ्या हातून काही झालं तर?"

सावकाशरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्या 'पुन्हा काही झालं तर'ची त्यांना नुकतीच चांगली ओळख झाली होती.

"पाय उचलला की काय होतं, हे तुला कळलंय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला कळायला अजून एक इंजिन जाईल. बस."

तो बसला. समोरची काच धूसर दिसत होती. त्यानं चावी फिरवली. इंजिन पेटलं, पत्रे थरथरले, काटा बावीसशेवर जाऊन थांबला. सावकाशरावांनी टॅपेट कव्हरवर तळहात ठेवला, क्षणभर मान खाली घालून उभे राहिले. मग तिन्ही बादल्या भरलेल्या असूनही त्यांनी कोपऱ्यातली चौथी, रिकामी उचलली आणि मागे वळून न बघता नळाकडे निघून गेले.